शैला आत्याचं लग्न आणि वायर न जोडलेला एसी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाही. माझं कामच वीज आणि एसीचं. कुणी म्हणालं की घरातला लाइट आपोआप लागतो, तर मी स्विचबोर्ड उघडून आधी पाल शोधते... आणि बहुतेक वेळा ती सापडते. या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता वाचायची आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याच्या घरचं वायरिंग तपासायची. आज माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. आम्ही पिढ्यान् पिढ्या जबलपूरचे, त्यामुळे माझ्या मराठीत हिंदी डोकावते. तेवढं सांभाळून घ्या.

आमचं घर चेरीतालला. मी शाळेत असताना बाबा गेले. त्यांची बहीण, शैला आत्या, आमच्याच घरी राहायची आणि मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायची. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करते म्हटल्यावर नातेवाईकांनी कुजबुज सुरू केली, मुलगी आता खांबावर चढणार का म्हणून. आत्याने कुणाला उत्तर दिलं नाही. मला बाजारात घेऊन गेली आणि टेस्टर, पक्कड आणि चांगल्यातले स्क्रूड्रायव्हर घेऊन दिले. तिने स्वतः लग्न केलं नव्हतं. का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

तर ही आत्या एकसष्टाव्या वर्षी लग्न करते म्हणाली.

सिविल लाइंसमधल्या बागेत सकाळी फिरायला जाता जाता श्रीधर दाणींशी तिची ओळख झाली. ते बँकेतून रिटायर झालेले. नागपूरहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. त्यांचंही लग्न झालेलं नव्हतं, घरात ते आणि त्यांची नव्वदीची आई, एवढेच. दोघांचा बेत साधा होता – कोर्टात सह्या करायच्या आणि घरी पेढे वाटायचे. पण दाणी आजी अडून बसल्या. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं कशासाठी जिवंत राहिली? रजिस्टरवरची सही पाहायला?"

मग काय... अंतरपाट, मंगलाष्टकं, हार, उखाणे, सगळं ठरलं. तेही मे महिन्यात, दुपारचा मुहूर्त. पुढे ढकला म्हटलं तर आजी म्हणायच्या की दिवाळीची गॅरंटी मी देत नाही. जबलपूरचा मे ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू... दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आजींच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हॉल गार असेल तरच त्यांना न्या, नाहीतर घरूनच फोनवर लग्न दाखवा. या वयात ऊन लागलं तर सांभाळणं कठीण जाईल.

हॉल आम्ही घेतला होता गढ़ा भागातला, जुना, मोठा, उंच छताचा. तिथल्या ट्रस्टने याच उन्हाळ्यात नवीन एसी बसवायचं ठरवलं होतं, आणि ते काम नेमकं माझ्याकडे आलं. घरातल्यासारखा भिंतीवरचा एसी नव्हे हा. गच्चीवर ठेवायचं लोखंडी खोलीएवढं मशीन, ज्यात कॉम्प्रेसर, पंखे सगळं एकाच डब्यात असतं. तिथून पत्र्याचे डक्ट खाली हॉलमध्ये उतरतात आणि जाळ्यांमधून गार हवा येते. आत्याने मला एकदाच विचारलं होतं, हॉल गार होईल ना गं? मी म्हटलं, होईल. मी आहे ना.

क्रेनने मशीन गच्चीवर चढलं. डक्ट जोडले, अर्थिंग केलं, पाणी निघून जायला ड्रेनचा पाइप बसवला. तळमजल्यावरच्या पॅनलपासून गच्चीपर्यंत जाड केबल टाकली. माझ्यासोबत रफीक भैया होते. गॅसचं आणि पाइपचं काम ते बघतात, वायरिंग मी. आम्ही बरीच वर्षं मिळून काम करतो. फक्त वीज कंपनीकडून वाढीव लोडची मंजुरी यायला उशीर झाला, ती आली लग्नाच्या आदल्या संध्याकाळी. म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू होणार होतं ते थेट लग्नाच्या सकाळी.

मी जरीची साडी नेसून, पायात सेफ्टी शूज घालून पोचले. साडी खोचली आणि कामाला लागले. असं मोठं मशीन चालू करायच्या आधी केबल मेगरने तपासावी लागते – केबलच्या आतला करंट कुठे बाहेर तर झिरपणार नाही ना, ते या यंत्रावर कळतं. तपासताना केबल दोन्ही टोकांना सोडवून ठेवतात. मी खाली सोडवली, वर मशीनच्या आतही सोडवली. मेगर लावला आणि काटा शून्याजवळच पडून राहिला. तीनपैकी एक वायर कुठेतरी केबलच्या लोखंडी कवचाला टेकत होती.

पुन्हा तपासलं. जागा बदलून तपासलं. तेच.

केबल टाकली तेव्हा तर ठणठणीत होती. पण मधल्या दोन दिवसांत मांडववाले गच्चीवर चढून झालरी आणि लाइटच्या माळा लावून गेले होते. काहीतरी तिथे झालं असणार, पण गच्चीपासून खालपर्यंत झाकलेल्या केबलमध्ये नेमकं कुठे, हे शोधायला दिवस गेला असता. दुसरी इतकी जाड केबल रविवारी सकाळी आणणार कुठून?

हॉलचे मॅनेजर तिवारीजी म्हणाले, "अरे दीदी, चालू कर दो न, कुछ नहीं होता. शादी के बाद देख लेंगे." आईचंही तेच. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू काहून अशी अडून राहिली? आजचा दिवस चालू दे ना. तुझ्या आत्याचं लग्न आहे." मी दोघांना समजावून पाहिलं. बहुतेक तर ब्रेकर पडला असता आणि एसी बंदच राहिला असता. पण नाही पडला तर? पत्र्याचा डक्ट सगळ्या हॉलभर फिरतो, खाली तीनशे माणसं, ओल्या पायांनी फिरणारे वाढपी... मी नाही म्हणजे नाही म्हटलं. वर तिन्ही वायरींच्या टोकांना टेप गुंडाळला आणि त्या सुट्याच ठेवल्या. खाली ब्रेकर बंद करून त्याला माझं कुलूप घातलं, कारण तिवारीजींचा मला भरवसा नव्हता. किल्ली कमरेच्या बटव्यात टाकली.

मग आत्याला सांगायला गेले. ती पिवळ्या साडीत आरशासमोर बसली होती, कुणीतरी तिच्या केसांत गजरा माळून राहिलं होतं. मी जसं होतं तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरोबर केलंस. चालू केला असतास तर मीच रागावले असते." पण तिने आरशात बघायचं थांबवलं, ते मला दिसलं.

दाणी काकांनी तोडगा काढला. आजींना फक्त अक्षता पडेपर्यंत आणायचं आणि लगेच एसी गाडीतून घरी पोचवायचं. मांडववाल्यांकडून मोठे कूलर मागवले. त्या कूलरांनी हॉलमध्ये गारवा कमी आणि दमटपणाच जास्त केला. बारा वाजायला आले तेव्हा पुरुषांचे झब्बे पाठीला चिकटले होते आणि बायका पत्रिकांनी वारा घेत होत्या.

आजी व्हीलचेअरवर आल्या. मोरपंखी साडी, डोक्यावर ओला नॅपकिन. त्यांना अगदी बोहल्याजवळ बसवलं. अंतरपाट धरला, गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मी आजींच्या मागे उभी होते. दुसऱ्या मंगलाष्टकाला त्यांचा चेहरा लालबुंद झाला. श्वास तोंडाने चालला होता. पलीकडे दाणी काका अंतरपाटाकडे नाही, आईकडे बघत होते. मी मनाशी ठरवलं, आता हे कडवं संपलं की यांना गाडीत न्यायचं, लग्न लागो न लागो. ड्रायव्हरला खूण करायला मान वळवली...

...आणि अंतरपाट हलला.

आधी नुसता थरथरला. मग वाऱ्याने फुगावा तसा फुगला, गुरुजींनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. वरच्या फुलांच्या माळा झुलायला लागल्या. माझ्या मानेवर गार हवा आली. कूलरची ओली, गवताच्या वासाची हवा नव्हती ती. कोरडी, स्वच्छ, नव्या पत्र्याचा किंचित वास असलेली. डक्टच्या जाळीला मी एक लाल रिबन बांधली होती, हवा येते की नाही ते कळावं म्हणून. ती आडवी होऊन फडफडत होती.

लोकांनी वर बघितलं. कुणीतरी टाळी वाजवली. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांचा आवाज एकदम चढला. आजींनी डोक्यावरचा नॅपकिन काढून मांडीवर ठेवला, चेहरा वर केला आणि डोळे मिटून घेतले, अंगावर पाणी पडावं तसे. तिकडून तिवारीजी मला हात जोडून दाखवत होते, जणू म्हणत होते, हओ, मान गई न आखिर.

सगळे खूश होते, मी सोडून. माझ्या डोक्यात एकच – कुणीतरी कुलूप तोडलं. खराब केबलवर मशीन चालू केलं. मी साडी वर धरून धावत पॅनलच्या खोलीत गेले.

कुलूप जागेवर होतं. ब्रेकर बंद होता. किल्ली बटव्यात होती.

पंप, लाइट, जनरेटर, सगळ्या लाइनी बघितल्या. मांडववाल्यांच्या लाइटच्या माळा सोडल्या तर गच्चीवर जाणारी दुसरी लाइनच नव्हती. मग जिन्याने वर पळाले.

गच्चीवर आग ओकणारं ऊन, आणि त्यात ते मशीन मजेत चाललं होतं. पंखा फिरत होता. कॉम्प्रेसरचा एकसारखा, गोड म्हणावा असा घरघर आवाज येत होता. रफीक भैया माझ्या आधीच पोचले होते. पाण्याची बाटली हातात धरून ते नुसते उभे होते. मी विचारलं, किसने चालू किया? त्यांनी मान हलवली. म्हणाले, आवाज आली म्हणून वर आलो, इथे कुणीच नव्हतं.

मी मशीनचा दरवाजा उघडला. माझ्या तिन्ही वायरी तशाच सुट्या, टेप गुंडाळलेल्या, एका कोपऱ्यात वळवून ठेवलेल्या. जिथे त्या जोडायच्या असतात ते टर्मिनल रिकामे. मीटर लावला – शून्य. टेस्टर लावला – काही नाही. करंट मोजायचा क्लॅम्प कॉम्प्रेसरच्या वायरीभोवती धरला, तिथेही शून्य. रफीक भैयांनी त्यांचा मीटर काढून स्वतः बघितलं, त्यावरही शून्य. मग त्यांनी पाइपवर तळहात ठेवला आणि माझाही हात धरून तिथे ठेवला. पाइप थंडगार होता. त्यावर पाण्याचे थेंब साचले होते. शेजारचा दुसरा पाइप हात लावता येणार नाही इतका गरम. म्हणजे नुसता पंखा वाऱ्याने फिरत नव्हता. गॅस फिरत होता, कॉम्प्रेसर खरंच काम करत होता. ड्रेनच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं आणि खाली साचलेल्या पाण्यावर चिमण्या येऊन बसल्या होत्या.

मी म्हटलं, बंद करायला पाहिजे. आणि मग लक्षात आलं की बंद करायला काही नाहीच. जे चालूच केलेलं नाही ते बंद कसं करणार?

रफीक भैया हळूच म्हणाले, "दीदी, दरवाज़ा लगा दो. चलने दो."

खालून एकदम "शुभमंगल सावधान" आणि ताशांचा आवाज आला. अक्षता पडल्या होत्या. मी दरवाजा लावला. खरं सांगू, तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. पण मला हसू आलं. उन्हात, जरीच्या साडीत, हातात मीटर धरून मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून रफीक भैयाही हसायला लागले. ते म्हणाले, मी इथे बसतो, तुम्ही खाली जा, आत्याचं लग्न आहे.

खाली आले तर हार घालणं चाललं होतं. गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या जात होत्या आणि त्या खाली पडायच्या ऐवजी हॉलभर तरंगत होत्या. ज्याला त्याला माझी पाठ थोपटायची होती. आईने सगळ्यांसमोर माझ्या गालावरून हात फिरवला. मी काय बोलणार? नुसती हसत राहिले.

आजी अक्षता पडल्यावर घरी जाणार होत्या ना? त्या हलेचनात. गाडी उभी आहे म्हटलं तर म्हणाल्या, राहू दे उभी. त्यांनी सूनमुख पाहिलं, पंगतीत बसल्या, खोव्याची जलेबी मागून घेतली. मग नातवंडांच्या वयाच्या मुलींना गोळा करून उखाण्यांचा आग्रह धरला. आत्या लाजली. एकसष्ट वर्षांची, शाळेला धाकात ठेवणारी माझी आत्या लाजली. शेवटी म्हणाली,

"मे महिन्याच्या दुपारी अंगावर आला काटा,
श्रीधररावांचं नाव घेते, जलेबी सगळ्यांना वाटा."

हॉल हसण्याने भरून गेला. आणि त्या गोंधळात आजींनी मला जवळ बोलावलं. मी वाकले. त्या म्हणाल्या, "अगं, एखादी शाल असेल तर दे ना. थंडी वाजून राहिली." मे महिन्यात, जबलपूरला. मी शाल शोधून आणली आणि त्यांच्या खांद्यांवर घातली. त्यांचे हात गार होते, चेहरा शांत, तुकतुकीत.

ऊन उतरल्यावर आजी गाडीत बसल्या. मी दार लावून देत होते तेवढ्यात रफीक भैयांचा फोन आला. मशीन आत्ता बंद झालं. धाडकन नाही. आधी कॉम्प्रेसर थांबला, पंखा थोडा वेळ फिरत राहिला, मग तोही सावकाश थांबला. कुणी नीट बटण दाबून, रीतीने बंद करावं तसं.

पुढच्या आठवड्यात केबल उघडली. कठड्याजवळ मांडववाल्यांनी झालरीसाठी ठोकलेला खिळा आरपार केबलमध्ये गेला होता. तेवढ्याचा उलगडा झाला. नवीन केबल टाकली, तपासली, जोडली. मशीनच्या कंपनीचा इंजिनीअर भोपाळहून आला, कारण वॉरंटीच्या कागदावर त्यांच्या माणसाची सही लागते. मशीनवर ते किती तास चाललं हे दाखवणारा छोटा डिस्प्ले असतो. तो शून्य दाखवत होता. इंजिनीअरने मान डोलावली, नवं कोरं आहे. मग त्याने आतला फिल्टर बाहेर ओढला आणि माझ्याकडे बघितलं. जाळीवर गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या चिकटल्या होत्या, हॉलमधून ओढल्या गेलेल्या. त्याने विचारलं, मॅडम, मशीन तो नई है न? मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

आत्याला मी सगळं सांगितलं, पण लगेच नाही. तिला वाटत होतं की मी शेवटी तिच्यासाठी धोका पत्करला, आणि ते तिला मनातून खात होतं. मला ते कळलं, तेव्हा सांगून टाकलं – कुलूप, टेप, शून्य दाखवणारा मीटर, पाकळ्या, सगळं. तिने फिजिक्सच्या बाईंसारखे प्रश्न विचारले. जनरेटरचं काय, दुसऱ्या लाइनीतून करंट उलटा आला असेल का, मीटर बिघडला असेल का. मी एकेकाचं उत्तर दिलं. दोन मीटर होते, दोघांनी बघितलं होतं. आणि करंट कुठूनही आला असता तरी मशीनला वायरच जोडलेली नव्हती. तिचे प्रश्न संपले. मग म्हणाली, "म्हणजे कुणी चालवलं ते माहीत नाही. मग थँक यू कुणाला म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आणि दाणी काकांनी मला त्या हॉलवर न्यायला लावलं. तिवारीजींना वाटलं फोटो काढायला आले. काका जिन्याच्या मध्येच दम खायला थांबले, आत्या मात्र थेट वर चढली. मशीन बंद होतं. तिने त्याभोवती एक चक्कर मारली, वर्गात मुलींच्या बाकांमधून फिरायची तशी. मग पत्र्यावर तळहात ठेवला आणि हळूच, पण नीट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, थँक यू हं. आणि खाली उतरून चहा कुठे चांगला मिळतो ते विचारलं.

तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रिकलचं असेल तर जरूर कारण सांगा. माझं सगळं तपासून झालंय, रफीक भैयांचंही झालंय, आणि अजून आम्हाला काही सापडलेलं नाही... सापडलं तर बरं वाटेल. नाही सापडलं तरी त्या दुपारी हॉल गार होता, आणि आजींना थंडी वाजत होती.